इथे सर्फिंग का नाही करत?

आरे-वारेच्या पावसाळी रील्सखाली दरवर्षी हा प्रश्न येतो. उत्तर शोधायला निघाले आणि वारा, वाळू, तिथी असं बरंच काही हाताला लागलं.

जून उजाडला की एक रील दरवर्षी नव्याने फिरायला लागते. आरे-वारेचा तो चढाचा, वळणाचा रस्ता, खाली चंद्रकोरीसारखी पुळण, समुद्रात एकामागोमाग पाच-सहा पांढऱ्या रेघा, वर काळंभोर आभाळ आणि मागे कुठलं तरी संथ गाणं. खाली कमेंट्स दोन प्रकारच्या. पहिली, 'मिनी गोवा'. तिच्यावर मी काही बोलणार नाही, कुठल्याही रत्नागिरीकराला विचारून बघा, तोच बोलेल. दुसरी, 'भाई, एवढ्या लाटा आहेत तर इथे सर्फिंग का नाही करत?'

खरं सांगायचं तर मलाही हा प्रश्न आवडला होता. सर्फिंग आता काही परदेशी सिनेमातली गोष्ट राहिलेली नाही. मंगळुरूजवळच्या मुळकीत २००४ पासून सर्फिंग क्लब आहे. टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. ऑगस्ट २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या महाबलिपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळने ब्राँझ मिळवलं. समुद्र तोच, अरबी आणि बंगालचा. मग एवढा लांब किनारा असलेल्या रत्नागिरी जिल्ह्याने काय घोडं मारलंय?

म्हणून 'कोकणातले सर्फिंग स्पॉट्स' असा मस्त हलकाफुलका विषय घेऊन मी कामाला लागले. पण आरे-वारेबद्दल वाचायला घेतलं की पहिल्यांदा समोर येते ती जुलै २०२५ ची बातमी. त्या महिन्यात एका शनिवारी इथे चार जण बुडाले. तेही बोर्ड घेऊन स्टंट करायला गेलेले नव्हते, पावसाळी समुद्र बघायला आलेले होते. त्यानंतर विषय हलकाफुलका राहिला नाही.

झिप आणि भिंत

आधी त्या कमेंटचं उत्तर. मोठी लाट म्हणजे चांगली लाट नव्हे.

सर्फरला हवी असते ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उलगडत जाणारी लाट. जॅकेटची झिप उघडावी तशी. फुटलेला भाग मागे, न फुटलेला गुळगुळीत भाग पुढे, आणि त्या दोघांच्या मधल्या जागेत सर्फर. आरे-वारेला किंवा गणपतीपुळ्याला जुलैत उभं राहून दहा मिनिटं बघा. लाट झिपसारखी उघडत नाही. दोनशे-तीनशे मीटर लांबीची अख्खी भिंत एकाच क्षणी कोसळते. त्याला सर्फर 'क्लोजआउट' म्हणतात. अशा लाटेवर जायला जागाच नसते. आणि ती कोसळताना खाली कोण असेल त्याने लक्षात ठेवावं की एक घनमीटर समुद्राचं पाणी एक टनापेक्षा थोडं जास्तच भरतं.

असं का होतं? एक कारण म्हणजे वारा. शाळेत भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, आठवतंय? दिवसा जमीन लवकर तापते, समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे वारे. रात्री जमीन लवकर थंड होते, जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई. दोन मार्कांचा प्रश्न होता. जगभरातला सर्फर मात्र पहाटे उठून पहिल्यांदा हाच प्रश्न सोडवतो. मतलई वारा लाटेला समोरून अडवतो, तिला थोडा वेळ उभं धरून ठेवतो, तिचा पृष्ठभाग साफ करतो. खारा वारा पाठीमागून ढकलतो आणि लाट वेळेआधीच, वेडीवाकडी फुटते.

पावसाळ्यात हा दिवस-रात्रीचा खेळच बंद पडतो. नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून मान्सूनचा वारा चोवीस तास समुद्रावरून जमिनीकडे. पहाटे पाचला उठून काही उपयोग नाही.

दुसरं कारण दोन लाटांमधलं अंतर. म्हणजे सेकंदांतलं अंतर. पावसाळ्यात आपल्याकडे साधारण आठ ते बारा सेकंदांनी लाट येते. एक अंगावर फुटली, तुम्ही पाण्याखालून वर आलात, नाकातलं पाणी काढलंत, श्वास घेतलात, की दुसरी. उथळ पाण्यात अशा चार-पाच रांगा एकामागे एक फुटत असतात. बोर्डवर पोट टेकून हाताने वल्हवत या सगळ्या रांगा ओलांडून पलीकडच्या शांत पाण्यात जायचं, हे पट्टीच्या सर्फरलाही दमवतं. त्यात खाड्यांमधून आलेलं लाल-तपकिरी पाणी, त्यात वाहून आलेले ओंडके आणि झावळ्या. तळ दिसत नाही. डोंगराच्या सोंडेखाली कातळ कुठे आहे ते दिसत नाही.

इथे पोर्तुगालच्या नाझारेची आठवण काढणारा एक तरी वाचक असणार. २९ ऑक्टोबर २०२० ला तिथे सेबास्टियन स्टॉइटनर २६.२१ मीटरच्या लाटेवरून उतरला, तो गिनीजमध्ये गेलेला विक्रम. तिथेही कडा आहे, कड्यावर किल्ला आहे, किल्ल्यात दीपगृह आहे. फोटो बघताना मला रत्नदुर्गच आठवला. पण पाण्याखालचा नकाशा अगदी उलट. नाझारेच्या समोर समुद्रतळात सुमारे पाच हजार मीटरपर्यंत खोल जाणारी घळ आहे, ती जवळजवळ किनाऱ्याला येऊन भिडते. महासागरातली लाट ताकद न गमावता थेट दारात येते. आपल्यासमोर आहे समुद्रबूड जमीन (पुन्हा भूगोल!), तीही खूप रुंद. लाट उथळ तळाला घासत घासत येते, ताकद गमावते, म्हणून आपल्याकडे वीस-पंचवीस मीटरची भिंत उभी राहत नाही. आणि नाझारेचे लोक जेट-स्की, फुगणारी जॅकेट्स आणि बचावाची टीम घेऊन उतरतात. आपण जीन्स दुमडून उतरतो.

तेरा मीटर पाण्यातला गोळा

रत्नागिरीच्या समोर, सुमारे १३ मीटर खोल पाण्यात, लाटा मोजणारा एक तरंगता गोळा ठेवण्यात आला होता. त्याला वेव्ह रायडर बॉय म्हणतात. लाटेबरोबर तो वर-खाली होतो आणि त्या हालचालीवरून लाटेची उंची, दिशा, दोन लाटांमधले सेकंद हे सगळं कळतं. २०१० साली जानेवारी ते डिसेंबर अशा अख्ख्या वर्षाच्या नोंदींवर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केलाय. म्हणजे आपल्या समुद्राचं प्रगतिपुस्तक उपलब्ध आहे. आपण ते बघत नाही एवढंच.

ढोबळ चित्र असं. पावसाळा सोडला तर बहुतेक दिवस लाटा एक मीटरच्या आत-बाहेर. जून ते ऑगस्ट दोन ते तीन मीटर, जोराच्या दिवसांत त्याहून वर. ऐकायला 'दोनच मीटरचा तर फरक' वाटतो. पण लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गात वाढते. पाऊण मीटरची लाट तीन मीटर झाली तर उंची चौपट होते, ऊर्जा सोळा पट. डिसेंबरात गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून लाट अंगावर घेतली होती, तोच अंदाज घेऊन जुलैत गेलात तर गणित सोळा पटीने चुकतं.

शिवाय हा आकडा सरासरी असतो. लाटांच्या अंदाजात जी उंची देतात ती सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. दोन मीटर लिहिलं असेल तर अधूनमधून जवळजवळ चार मीटरची लाटही त्यात धरलेली असते. ती कधी येईल ते लिहिलेलं नसतं. कातळावर बसून वीस मिनिटं बघितलं, पाणी पायापर्यंत येत नव्हतं, म्हणून सेल्फीसाठी चार पावलं पुढे गेलो आणि तेवढ्यात 'अचानक' मोठी लाट आली, असं आपण बातम्यांत वाचतो. समुद्राच्या हिशेबात ती अचानक नव्हती, ती यायचीच होती.

आता आमच्याच धंद्याबद्दल थोडं. पावसाळ्यात टीव्हीवर पट्टी फिरते: 'मुंबईच्या समुद्रात आज साडेचार मीटरच्या लाटा'. बहुतेक वेळा तो आकडा लाटेचा नसतोच. तो भरतीचा असतो. म्हणजे भरतीच्या कोष्टकातल्या शून्य पातळीपासून पाणी किती वर चढणार, ते. अगदी शांत, एकही लाट नसलेल्या दिवशीही भरती साडेचार मीटर असू शकते. आणि मुंबईपेक्षा आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरक बराच कमी, साधारण निम्मा. त्यामुळे रत्नागिरीचा कमी आकडा बघून 'आज काही विशेष नाही' म्हणणं म्हणजे तापमान बघून पाऊस ठरवण्यासारखं आहे. लाटा वेगळ्या, भरती वेगळी. दोन्ही मोठ्या असलेले उधाणाचे दिवस मात्र खरंच वाईट. मिऱ्याच्या बंधाऱ्याजवळ राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

जिथे लाट फुटत नाही

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते पुढच्या गोष्टीने.

समजा तुम्ही पुळणीवर उभे आहात. समोर लाटा फुटतायत, पांढराशुभ्र फेस. पण मध्येच एक दहा-वीस मीटर रुंदीचा पट्टा असा आहे की तिथे लाट फुटतच नाही. पाणी थोडं गडद, वरवर शांत. घरच्यांना, लहान मुलांना घेऊन कुठे उतराल? साहजिकच तिथे. मीही तिथेच उतरले असते.

तो पट्टा म्हणजे पाण्याचा परतीचा रस्ता. इतक्या लाटा किनाऱ्याकडे पाणी आणून टाकतात, ते पाणी कुठे तरी परत जायलाच हवं. वाळूच्या बांधात जिथे खाच असते तिथून ते जोरात समुद्राकडे ओढलं जातं. तिथे तळ खोल असतो म्हणूनच लाट फुटत नाही. इंग्रजीतलं नाव रिप करंट. आपल्याकडे किनाऱ्यावरचे लोक 'पाण्याला ओढ आहे' म्हणतात, आणि मला हा शब्द जास्त नेमका वाटतो. रिप माणसाला खाली खेचत नाही, बाहेर ओढते. तिचा वेग जोराच्या दिवशी सेकंदाला दोन मीटरच्या पुढे जाऊ शकतो. ऑलिंपिकमधले जलतरणपटू पन्नास मीटरच्या शर्यतीत जेमतेम तेवढ्या वेगाने पोहतात, तेही वीस-बावीस सेकंदच.

गंमत म्हणजे अनुभवी सर्फर हीच ओढ शोधत असतात. त्यांच्यासाठी ती लिफ्ट आहे. लाटांच्या रांगांशी मारामारी न करता ती त्यांना बाहेर नेऊन सोडते. एकच पाणी, एकाची लिफ्ट आणि दुसऱ्याचा शेवट. फरक एवढाच की पहिल्याला ते दिसतं, आणि त्याच्या पायाला बोर्ड बांधलेला असतो.

ओढ कुठे असते? वाळूतल्या खाचांची जागा बदलते, आज इथे तर पुढच्या महिन्यात तिथे. पण एक जागा जवळजवळ कायमची. पुळणीच्या टोकाला, जिथे डोंगराची सोंड किंवा कातळ समुद्रात घुसतो, तिथे किनाऱ्याला समांतर वाहणारं पाणी अडतं आणि कातळाच्या कडेकडेने बाहेर वळतं. आता आरे-वारेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. दोन पुळणी, मध्ये डोंगर, टोकाला कातळ. आणि फोटो काढायला सगळ्यात भारी जागा कुठली? कातळाजवळची.

ऑक्टोबरमधला फसवा समुद्र

सेकंड इयरला असताना आम्ही सात जण ऑक्टोबरमध्ये एका पुळणीवर गेलो होतो. नाव लिहीत नाही, पुळणीचा काही दोष नव्हता. पाऊस संपला होता, ऊन पडलं होतं, पाणी निळं दिसायला लागलं होतं. आमच्यातला एक मित्र कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, बोलता बोलता त्याने एक पाऊल टाकलं आणि गळ्यापर्यंत गेला. पुढच्या अर्ध्या मिनिटात तो आमच्यापासून इतका लांब होता की त्याचा आवाज लाटांत कळत नव्हता. तो सरळ आमच्याकडे पोहत होता, जिवाच्या आकांताने, आणि जागचा हलत नव्हता. आम्हाला वाटलं मस्करी करतोय. शेवटी तो थकला, हातपाय सोडले, पाठीवर पडून राहिला, आणि ओढीने त्याला आडवं नेऊन फेसाच्या पट्ट्यात सोडलं. तिथून लाटांनीच त्याला किनाऱ्यावर आणलं. तो वाचला कारण तो थकला. आम्ही घरी कोणीच काही सांगितलं नाही.

ते पाऊल कुठे पडलं होतं हे आत्ता, या लेखासाठी वाचताना कळलं. पावसाळी लाटा पुळणीवरची वाळू खरवडून समोर पाण्यात नेऊन ठेवतात. तिथे तिचे बांध तयार होतात, बांधांमध्ये खाचा आणि खड्डे. पाऊस संपल्यावर छोट्या लाटा हीच वाळू हळूहळू परत आणतात, पण त्याला महिने लागतात. म्हणजे ऑक्टोबरात वरचा समुद्र शांत झालेला असतो, खालची जमीन अजून जुलैतलीच असते. दिवाळीच्या सुट्टीत कोकणात येणाऱ्या प्रत्येकाला हे एक वाक्य तरी माहीत असायला हवं.

आणि अशा वेळी करायचं काय? आमच्या मित्राने नकळत केलं तेच. किनाऱ्याकडे सरळ पोहायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करून ओरडायचं, श्वास सावरला की किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडायचं, मग फेस जिथे आहे तिथून लाटांबरोबर आत यायचं. काठावरच्यांनी साखळी करून आत धावायचं नाही. ट्यूब, रिकामा कॅन, शहाळ्यांचा घोस, जे तरंगेल ते फेकायचं. एका बुडणाऱ्याच्या मागे गेलेले दुसरे-तिसरे बुडतात, हे कोकणातल्या कितीतरी बातम्यांत सारखंच असतं. पावसाळ्यात कातळाजवळ मात्र हा सल्लाही कामाचा नाही. समांतर पोहून जाणार कुठे, दगडावर?

दुपारी चारचा प्रॉब्लेम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला चांगला काळ. पहाटे मतलई वारा, पाणी काचेसारखं, लाटा छोट्या पण नीट आखलेल्या. कोणाला बोर्डवर उभं राहायला शिकायचंच असेल तर हीच वेळ, भाट्येसारखी सपाट, लांब पुळण, आणि सोबत शिकवणारा माणूस. मधूनच हिवाळ्यात लाटा वायव्येकडून यायला लागतात, इथे वारा नसतानाही. त्या येतात थेट अरबस्तानाकडून. तिकडे 'शमाल' नावाचा वारा सुटतो (अरबीत शमाल म्हणजे उत्तर), तो अरबी समुद्राच्या वरच्या टोकाला पाणी ढवळतो, आणि ती लाट आपल्यापर्यंत पोहोचते. गोव्याच्या संशोधकांनी २०११ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला, त्यात रत्नागिरीसमोरच्या नोंदीही होत्या. मला हे वाचून उगाचच भारी वाटलं. दुबईला नोकरीला गेलेला शेजारचा दादा आणि तिकडून आलेली लाट, दोघांचा रूट एकच.

पण मार्च-एप्रिल आला की दुपारचा खारा वारा जोर धरतो. सकाळी दहापर्यंत समुद्र गप्प. बाराच्या पुढे वायव्येकडून वारा सुटतो, तीन ते पाचच्या दरम्यान त्याचा कळस, आणि त्याच वेळी समुद्र सगळ्यात खवळलेला. आपण किनाऱ्यावर कधी जातो? लेक्चर्स संपवून, चारला. सनसेट बघायला. पहाटे सहाला गेलेला माणूस आणि संध्याकाळी पाचला गेलेला माणूस एकाच तारखेला दोन वेगळे समुद्र बघून येतात.

यावर भरतीचा हिशेब चढवा. कोकणातल्या घराघरांत एक जुनी युक्ती आहे, ज्या दिवशीची तिथी असेल तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तासभर इकडेतिकडे धरायचा. आता बघा, गणपतीपुळ्याला सगळ्यात जास्त गर्दी कधी? संकष्टीला, अंगारकीला. म्हणजे चतुर्थीलाच. तीनच्या सुमारास भरती पूर्ण, त्यानंतर पाणी उतरायला लागतं, आणि पाणी उतरताना ओढ साधारणपणे वाढते. दर्शन, प्रसाद, जेवण आटोपून लोक पाण्यात उतरतात ते नेमके तेव्हा, वाऱ्याच्या कळसाला आणि ओहोटीच्या तोंडाला. गणपतीपुळ्याची पुळण उताराची, चार पावलांत पाणी छातीला लागतं. जीवरक्षक शिट्ट्या मारत असतात. त्यांच्याकडे बघून हसणाऱ्यांचे व्हिडिओही मी पाहिलेत.

चोरासारखा समुद्र

एप्रिल-मेमध्ये आणखी एक पाहुणा येतो, आणि तो सगळ्यात विचित्र आहे. आपल्याकडे वारा नाही, ढग नाही, वादळाची बातमी नाही, तरी लाटा मोठ्या. त्या येतात हिंदी महासागराच्या अगदी दक्षिण टोकाकडून. तिकडच्या वादळात तयार झालेली, सोळा-सोळा सेकंदांनी येणारी लाट दिवसाला हजारेक किलोमीटर चालते. रत्नागिरीपर्यंत यायला तिला साधारण आठवडा लागतो. खोल समुद्रात ती इतकी पसरट असते की बोटीतल्या माणसाला कळतही नाही, उथळ पाण्यात आली की उभी राहते. केरळात या प्रकाराला 'कळ्ळक्कडल' म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र.

६ मे २०२४ ला कन्याकुमारी जिल्ह्यातल्या लेमूर बीचवर पाच तरुण डॉक्टर बुडाले. इंटर्नशिप करणारे, आपल्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे. त्याआधीच हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेने, म्हणजे देशाच्या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेने, दक्षिणेकडून मोठ्या लाटा येतायत असा इशारा दिला होता. त्या दिवसांत इशारा आपल्या किनाऱ्यालाही होता. एप्रिलच्या शेवटी दक्षिण महासागरात जे घडलं त्याची लाट मेच्या पहिल्या आठवड्यात इथे. नोटीस आधीच होती. इन्कॉइसचं 'समुद्र' नावाचं ॲपही आहे, फुकट आहे. माझ्या वर्गात मी विचारलं, बावीस जणांपैकी एकाच्याही फोनमध्ये ते नव्हतं. (माझ्याही नव्हतं. आता आहे.)

राजिवड्यातल्या, मिरकरवाड्यातल्या लोकांना ॲपशिवायही यातलं बरंच कळतं, कारण त्यांना रोज भाट्ये खाडीच्या किंवा बंदराच्या तोंडातून बाहेर पडायचं असतं. माझ्या मते रत्नागिरीतला सगळ्यात धोकादायक 'ब्रेक' आरे-वारेला नाहीच, तो भाट्ये खाडीच्या तोंडाशी आहे. तिथे वाळू साचून पाणी उथळ झालंय, ते मच्छीमारांचं जुनं दुखणं. काजळी नदीचं पाणी ओहोटीबरोबर जोरात बाहेर येतं आणि समुद्राची लाट आत शिरते, तेव्हा समोरासमोर गाठ पडून लाट आखूड आणि उभी होते. होडीला अशा ठिकाणी वळायलाही जागा नसते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ती मुख्यतः माशांच्या विणीसाठी, पण या दोन महिन्यांत त्या तोंडातून न जाणं हाही तिचा एक फायदा. जलक्रीडाही मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते दोन-तीन महिने पाण्याकडे पाठ फिरवतात आणि आपण तेवढ्याच दिवसांत तिकडे तोंड करून निघतो.

अजूनही कोणाला शंका असेल तर मिऱ्याला जुन्या लोकांना 'बसरा स्टार'बद्दल विचारा. जून २०२० मध्ये निसर्ग वादळात हे जहाज वाहत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्याला लागलं. आतले तेरा खलाशी वाचवले गेले, जहाज मात्र तिथेच अडकलं. पुढची काही वर्षं पावसाळी लाटा ते लोखंड थोडं थोडं तोडत होत्या. आम्ही कॉलेजला असताना त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढायचो. लोखंडाचं जे झालं ते बघत असूनही आमचं लक्ष बॅकग्राउंडकडे.

तर त्या कमेंटला माझं उत्तर असं: करतील भाई, इथेही सर्फिंग करतील, पण तुझ्या रीलमधल्या महिन्यात नाही.

गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही चौघं, त्या ऑक्टोबरवाल्या मित्रासकट, पहाटे सव्वासहाला भाट्येला गेलो. पाठीमागे सुरूचं बन, त्यातून येणारा गार मतलई वारा, लाटा मांडीएवढ्या. ॲपवर ०.६ मीटर. दहा मिनिटं कोणी पाण्यात उतरलं नाही. मित्र वाळूवर उकिडवा बसून फेसाच्या रेघा बघत होता. मग त्याने डावीकडे बोट दाखवलं. तिथे एक अरुंद पट्टा होता, थोडा गडद, त्यात लाट फुटत नव्हती. आम्ही सामान उचललं आणि उजवीकडे दोनशे पावलं चालत गेलो.